समक्ष ओळख

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. त्या वर्षी तीन देशांतल्या सहा शिक्षणसंस्थांनी आपापले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. एकट्या यंत्राला न पेलणारं गणित सगळ्यांनी वाटून घेऊन सोडवायचं आणि ते कसं करायचं हे विद्यार्थ्यांना शिकवायचं, असा तो करार होता. त्या जाळ्याला ग्रिड म्हणत. सहांतलं सगळ्यात लहान होतं एक मुलींचं कॉलेज, आणि तिथली लॅब सांभाळायची एक तरुण शिक्षिका. मुली तिला मागून ‘मिरची’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, मनातून आवडायचंही.

त्या दुपारी मिरची टेबलाखाली शिरून वायरी ओढत होती. दारात बूट वाजले.

“आलात एकदाचे! तो कोपऱ्यातला पंखा बघा. डोकं उठवलंय त्याने.”

बूट क्षणभर घुटमळले... मग स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि पंख्याची खडखड थांबली.

“झालं. आता तुमचा चेहरा दाखवता का?”

टेबलाला डोकं आपटत ती बाहेर आली. “काय म्हणालात?”

“चेहरा.” उंच, विस्कटलेल्या केसांचा, बोटांना पंख्याची काजळी लागलेला तरुण हसत होता. “मी पंखेवाला नाही. परदेशातल्या मुख्य केंद्रातला इंजिनिअर आहे. ग्रिड वापरायचं प्रमाणपत्र देण्याआधी माणसाला समक्ष बघायचं, असा आमचा नियम आहे.”

नोकरी परदेशातली होती, पण भाषा आपली. मिरचीने ओळखपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, तिला पाहिलं... पुन्हा फोटो पाहिला... पुन्हा तिला.

“पटली का ओळख?”

“फोटोत राग जरा कमी आहे. पण पटली.”

यंत्रांची जोडणी करायला तो महिनाभर राहिला. मधल्या सुट्टीत दोघं खिडकीशी चहा घेत. वाऱ्याने तिची बट कपावर यायची आणि तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

“साखर किती घालू?” तो विचारी.

“तुमच्या बोलण्यात असते त्याच्या निम्मी.”

“मग फिकाच प्या!”

सगळं असं गोड चाललं होतं. पण मुलींची कामं मात्र पुढे सरकत नव्हती. चष्मिष नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मुलीने गावच्या नदीचा पूर कुठल्या गल्लीत किती चढेल, याचं गणित मांडलं होतं. ते ग्रिडवरच सुटणार होतं. रोज सकाळी ती धावत येई, पडदा बघे आणि खाली मान घालून परत जाई. वर्षाअखेर मुलींची कामं पुरी झालेली दिसली नाहीत, तर हा अभ्यासक्रमच बंद होणार होता.

मिरचीने त्याला खिडकीशीच गाठलं. “ग्रिडवरच्या कामांच्या रांगेत आमची कामं शेवटी का असतात?”

“शिकणाऱ्यांची कामं शेवटी... नियम आहे तसा.”

“आमची यंत्रं दिवसभर तुमची गणितं करून तापतात. आणि आमच्या पोरींनी नुसतं ताटकळायचं?”

“नियम मी केलेला नाही.”

“पाळता तर तुम्हीच ना?”

त्या दिवशी चहा तसाच राहिला.

मग सगळ्यांना ग्रिड चालवून दाखवायचा, प्रात्यक्षिकाचा दिवस आला. भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक संस्थेचा एक हिरवा दिवा. दुसऱ्या पडद्यावर सगळ्या संस्थांची माणसं, मधोमध मुख्य केंद्राचे थोरले सर. सर शिक्षणाच्या प्रसारावर बोलत होते, तेवढ्यात नकाशावरचा मुलींच्या कॉलेजचा दिवा विझला.

“तुमचा दिवा गेला वाटतं,” थोरले सर म्हणाले.

“गेला नाही सर. मी घालवलाय.” मिरची उभी राहिली. “हातातली कामं पुरी केली, कुणाचं नुकसान केलं नाही. पण नवं काम घेणार नाही. आमच्या मुलींना रांगेत जागा मिळेपर्यंत नाही.”

प्राचार्यबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, बस खाली!”

ती बसली नाही. थोरल्या सरांचा चेहरा लाल झाला. ते तिच्याशी बोललेच नाहीत, आपल्या इंजिनिअरला म्हणाले, “यांचं प्रमाणपत्र रद्द करा. आत्ता!”

त्याने मिरचीकडे पाहिलं... अगदी पहिल्या दिवशीसारखं, सावकाश.

“सर, ओळख खोटी निघाली तर प्रमाणपत्र रद्द करता येतं. या बाईंना मी समक्ष पाहिलंय. त्या म्हणतात त्याच आहेत, तसूभरही खोट नाही. मी रद्द करणार नाही.”

“नोकरी प्यारी नाही वाटतं?”

“आहे ना. पण...”

तेवढ्यात नकाशावरचा आणखी एक दिवा विझला. दुसऱ्या देशातल्या छोट्या कॉलेजच्या पांढऱ्या केसांच्या बाई पडद्यावरून शांतपणे म्हणाल्या, “आमचीही मुलं शेवटीच उभी असतात.” मग तिसरा दिवा गेला. थोरल्या सरांच्या डोळ्यांदेखत अर्धा नकाशा काळोखा झाला, तेव्हा कुठे त्यांचा आवाज उतरला. शिकणाऱ्यांसाठी रांगेत कायमची जागा ठेवायचं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. मिरचीने आपला दिवा पुन्हा लावला. संध्याकाळच्या आत चष्मिषचा पूर पडद्यावर गल्लीगल्लीत चढू लागला, आणि ती पोर आनंदाने रडली.

कॉरिडॉरमध्ये तो एकटा उभा होता.

“माझी नोकरी गेली बहुधा,” तो म्हणाला.

“पंखे बरे दुरुस्त करता. उपाशी नाही मरणार.”

“मिरची...” पहिल्यांदाच त्याने ते नाव घेतलं. “प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष असते. पुढच्या वर्षी पुन्हा समक्ष बघावं लागतं. मी विचार करत होतो...”

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?” तिचे कान लाल झाले होते, पण नजर खाली गेली नाही. “एक वर्ष कोण थांबतंय? रोज बघा!”

नोकरी खरंच गेली. मुलींच्या कॉलेजने त्याला ठेवून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. प्राचार्यबाई निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिल्या, “मी तिला बस म्हटलंच नव्हतं!” थोरल्या सरांनी निरोपाच्या भाषणात ती राखीव जागा आपलीच कल्पना म्हणून सांगितली. पांढऱ्या केसांच्या बाई एकदा पाहुण्या म्हणून आल्या आणि मिरचीच्या गळ्यात पडल्या. चष्मिष आता पुराचा इशारा देणाऱ्या खात्यात मोठी अधिकारी आहे. खालच्या गल्ल्या वेळेत रिकाम्या होतात.

ते ग्रिड केव्हाच मोडीत निघालं. पण दरवर्षी त्या पहिल्या भेटीच्या तारखेला तो चहा घेऊन समोर बसतो, चष्मा पुसतो आणि गंभीरपणे म्हणतो, “ओळखपत्र?”

“नाही दाखवत, जा!” ती म्हणते.

तो सावकाश बघतो, आणि मुदत वाढवून देतो.