खाडी ढवळायची कशी?

त्या सकाळी कारवण्याच्या जेटीवर दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणं काही शक्य दिसेना.

पहिली गोष्ट पारूआतेच्या डोक्यावर होती. तिसऱ्यांनी (खाडीच्या चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांनी) काठोकाठ भरलेली पाटी. दुसरी गोष्ट जलजीव मोजणी खात्याच्या यंत्रमानवाने वाचून दाखवली.

"तीस चौकटी मोजल्या. चौकट म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद. दर चौकटीत सरासरी दोन तिसऱ्या. सरासरी दहाच्या खाली असल्यास खाडी पाच वर्षं बंद. अंमल सोमवारपासून. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

सहकार्य कोणीच केलं नव्हतं. पण खात्याचं प्रत्येक पत्र असंच संपे, आणि २०६१ सालापर्यंत तरी त्यात सुधारणा झाली नव्हती. यंत्रमानवाचं सरकारी नाव सतरा आकडी होतं. गावाने त्याला गणू म्हणून टाकलं.

"दोन?" पारूआतेने पाटी खाली आपटली. "मग माझ्या पाटीत काय दगड आसत?"

"पाटी नियमात बसत नाही," गणू म्हणाला.

दहा वर्षांची ऊर्मी आतेच्या मागे उभी होती. तिचं जेवण, वह्या, चपला, सगळं त्याच पाटीतून येत असे. पाच वर्षं बंद म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आते शहरात कामाला जाणार आणि ऊर्मी कुणाच्या तरी घरी राहणार. शेजारची खाडी बंद झाली तेव्हा तिथल्या तीन घरांचं असंच झालं होतं.

गणूने मोजलेल्या जागा बघायला ती ओहोटीच्या वाळूत उतरली. त्याच्या चाकांच्या खुणा अजून ताज्या होत्या. तीसच्या तीस चौकटी जेटीला चिकटून होत्या, कडक वाळूत. पलीकडे खाडीचा काळा, चकाकणारा चिखल पसरला होता. तिथे चाकाची एकही रेघ नव्हती.

"गणू, तू चिखलात का नाही गेलास?"

"चाकं रुततात. सूचनापुस्तकात लिहिलंय, सोयीची जागा निवडावी."

"सोय तुझी. तिसऱ्यांची सोय चिखलात आहे."

गणूने आपल्या चाकांच्या खुणा पुन्हा एकदा तपासल्या. "याला अभिनती म्हणतात, एकाच बाजूला झुकलेली चूक," तो म्हणाला. "माझ्या बाबतीत होईल असं वाटलं नव्हतं."

गावाकडे मात्र उपाय तयार होता. साहेब आला की त्याला काय दाखवायचं, हे कारवण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. पारूआते म्हणाली, "तुका होडीत घालून, मी पाटी भरतंय त्या मांजरकोंडीत नेतंय. थंय एका चौकटीत साठ गावतले. आणि कमी पडले, तर माझी पाटी ओततंय वर!"

सगळ्या बायका हसल्या. ऊर्मी हसली नाही.

"आते, गेल्या वर्षी शाळा तपासायला साहेब आले होते. तेव्हा हुशार मुलं पुढच्या बाकांवर बसवली आणि गणितात कच्ची सहा जणं आजारी म्हणून घरी पाठवली."

"मग? शेरो बरो मिळालो ना?"

"शेरा पुढच्या बाकांचा होता. त्या सहांत मी होते."

आतेचं हसू मावळलं. ती पदराचं टोक पिळत राहिली.

"माझ्या शब्दकोशात एक म्हण आहे," गणूने मध्येच सांगितलं. "शितावरून भाताची परीक्षा."

"करपलेलो भात तळाक असता, बाबा," आते म्हणाली. "वरच्या शिताक काय ठाऊक? म्हणान मी गावजेवणाची आमटी ढवळल्याशिवाय चाखणंय नाय."

ऊर्मीने आतेकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं. खाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. तिला ढवळेल एवढा डाव कुणाच्याच घरात नव्हता.

"खाडी ढवळता येत नाही," ती हळूच म्हणाली. "पण चिठ्ठ्या ढवळता येतील."

गणूने नकाशावर सगळी खाडी चौकटींत आखली. चाळीस हजार चौकटी झाल्या. ही त्यांची समष्टी (ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचं आहे ते सगळंच्या सगळं). मग प्रत्येक चौकटीची एक चिठ्ठी. दुपारभर बसून त्याने चाळीस हजार कागद कापले, कारण त्याला कंटाळा बसवलेला नव्हता. चिठ्ठ्या मासे ठेवायच्या निळ्या पिंपात भरल्या आणि बायकांनी ते पिंप वाळूवरून गडगडत नेलं, आणलं, पुन्हा नेलं. मग ऊर्मीने डोळे मिटून चाळीस चिठ्ठ्या काढल्या. हा नमुना. निवड यादृच्छिक (कुणाच्या मर्जीने नव्हे, निव्वळ नशिबाने केलेली), म्हणजे प्रत्येक चौकटीला निवडलं जायची सारखीच संधी.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताच मोजणी सुरू झाली. गणू होडीत बसला आणि आते कंबरभर चिखलात उतरली.

"हय काय नाय गो, शून्य. दोन हात पलीकडे धरूया?"

"नाही," ऊर्मी म्हणाली.

"पुढची चौकट फार दूर आहे," गणू म्हणाला. "जवळची चालेल?"

"नाही!"

शून्य. एकतीस. चार. शून्य. अठ्ठावन्न. दहा चौकटी झाल्या तेव्हा सरासरी एकोणीस होती. वीस झाल्यावर ती पंधरावर आली. आकडा घसरताना ऊर्मी प्रत्येक बेरीज दोनदा करून बघत होती. तिसाव्या चौकटीला सरासरी तेरा. आता घसरतच जाणार, असं तिला वाटलं. पण चाळीस झाल्या तरी सरासरी तेराच राहिली.

"पिंप परत फिरवा," गणू म्हणाला. "नव्या चाळीस."

नव्या चिठ्ठ्या, नव्या जागा, आणखी एक ओहोटी. सरासरी बारा आली.

ऊर्मी होडीच्या काठावर बसून राहिली. आंधळेपणाने उचललेले कागदाचे तुकडे, त्यांना एकमेकांची ओळखसुद्धा नव्हती. तरी दोन्ही मुठींनी जवळपास एकच उत्तर दिलं होतं. जणू चिखलाखालची सगळी खाडी हळूच बोलली होती, आणि दोनदा तेच बोलली होती.

"गणू, खाडी दहापट मोठी असती तर?"

"नमुना साधारण एवढाच पुरला असता. नीट ढवळलं असेल तर."

"खरा आसा," आते म्हणाली. "घरची आमटी असो नायतर गावजेवणाची, चाखूक तळहातावर थेंब तेवढोच."

"आपल्या आकाशगंगेतले तारेही कुणी एकेक करून मोजलेले नाहीत," गणू म्हणाला. "आभाळाचे थोडे तुकडे मोजले आणि अंदाज बांधला."

ऊर्मीने वर पाहिलं. भर दुपार होती, एकही तारा दिसत नव्हता. तरी ते सगळे तिथेच होते, आणि ते किती, हे थेंबभर आभाळावरून कुणीतरी ओळखलं होतं. तिच्या अंगावर काटा आला.

गणूने अहवाल वाचला. "सरासरी साडेबारा, दीड-दोन इकडे तिकडे. खाडी बंद होणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार." या वेळी ते वाक्य खरं होतं.

बायकांनी ओरडून जेटी डोक्यावर घेतली. आते मात्र चिखलातच उभी होती.

"माका वाटलेला, चौकटीत पन्नास आसत," ती म्हणाली. "तीस वर्षां येतंय. पण जंय गावतत थंयच जातंय, मगे माका खाडी भरलेलीच दिसतली." मग तिने विचारलं, "गणू, बंद केल्यार वाढतत?"

"माहीत नाही. खात्याने पाच खाड्या बंद केल्या, पण बंदीने फरक पडला का, हे कधी तपासलं नाही."

"मग आपण तपासू," ऊर्मी म्हणाली. "खाडीचे वीस पट्टे करू. दहा वर्षभर बंद, दहा चालू."

"सगळेच बंद करून बघितले तर?" गणूने विचारलं.

"आणि तिसऱ्या वाढल्या, तर बंदीमुळे की त्या साली पाऊस बरा झाला म्हणून? चालू पट्टे शेजारी असले तर पाऊस दोघांवर सारखाच पडेल."

"तुलना गट (ज्यात काहीच बदल करायचा नाही, असा)," गणू म्हणाला, आणि ते सूचनापुस्तकात लिहून घेतलं.

"मगे बंद करूया वायट दहा," आते चिखलातून वर येत घाईने म्हणाली. "बरे चालू ठेवया."

ऊर्मीने पिंपाकडे बोट दाखवलं. रिकाम्या केलेल्या पिंपात पट्ट्यांच्या नावांच्या वीस चिठ्ठ्या पडल्या, पहिल्या दहा निघतील ते पट्टे बंद असं ठरलं, पिंप गडगडत गेलं आणि आलं. तिने पहिली चिठ्ठी उघडली आणि तिला ती वाचवेना.

मांजरकोंड. बंद.

एक चिठ्ठी परत पिंपात टाकायला कितीसा वेळ लागतो! आतेने हात पुढे केला.

आतेने चिठ्ठी घेतली नाही. तिने शेजारी पडलेली, बंद पट्ट्याची खूण म्हणून रोवायची, लाल फडकं बांधलेली काठी उचलली, साडीचा काचा घट्ट केला आणि तीस वर्षांच्या ओळखीच्या चिखलात उतरली. मांजरकोंडीच्या मधोमध तिने काठी खोल रोवली, दोनदा हलवून बघितली.

"ऊर्मी," ती तिथूनच ओरडली, "आजची तारीख लिवन ठेव गो! पुढच्या वर्षी मोजूक मीच येतलंय."