दुसरा ठोका

केतकी निगुडकरांचा एकलांक अठ्ठ्याहत्तरवर गेला, त्याच सकाळी ऑस्ट्रेलियातल्या होबार्टहून मुलाचा, निनादचा फोन आला. "आई, अगं काय हे! मागच्या महिन्यात सत्तर होता."

एकलांक म्हणजे एकटेपणाचा अंक. हृदयाचे ठोके घड्याळासारखे सारख्या अंतरावर पडत नाहीत. श्वास घेताना ते जरा लवकर येतात, सोडताना रेंगाळतात. विश्वासाचं माणूस जवळ असलं की हे रेंगाळणं वाढतं. वर्षानुवर्षं कुणीच नसलं की ठोके सपाट, कवायतीसारखे पडू लागतात. हे मोजता येतं असं कळलं आणि दहा वर्षांत ठोके मोजणाऱ्या, छातीवरच्या प्रत्येक पट्ट्यात ते गणित शिरलं. शंभरात अंक जितका मोठा, तितकं माणूस एकटं. घरच्यांच्या फोनवर तो आपोआप उमटायचा.

केतकीताई बासष्टीच्या, साताऱ्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. रोज सकाळी सायकलवरून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर थर्मासमधला चहा प्यायचा आणि उतरायचं. दिवसातलं बोलणं बहुधा दूधवाल्यापाशी संपायचं. जुना पट्टा घामानं कुजला, सायकलच्या हँडलवरचा छोटा संगणकही मध्येच झोपू लागला, तेव्हा त्या पोवई नाक्यावरच्या सायकलींच्या दुकानात गेल्या. हे पट्टे बनवणाऱ्या डॉ. रेहाना अत्तार दर बुधवारी तिथे येऊन बसत, गिऱ्हाइकांच्या तक्रारी स्वतः ऐकत.

"मला ठोके, चढ आणि वेग दिसला की झालं," केतकीताई म्हणाल्या. "पडदा तेवढा उन्हात वाचता यायला हवा."

"मग हा साधा घ्या. पण ताई, एकदा हा लावून बघा. याला आम्ही संगत पट्टा म्हणतो."

पट्टा छातीला टेकला. थोड्या वेळानं बरगडीपाशी काहीतरी हलकेच धडधडलं. त्यांचं स्वतःचं नव्हे, दुसरं.

"कुणाचं आहे हे?"

"कुणाचंच नाही. हजारो माणसांच्या ठोक्यांवरून रचलेलं आहे. शेजारी झोपलेल्या आईच्या लयीत बाळ शांत होतं ना, तसं तुमचं हृदय याच्या लयीत सैलावतं."

"म्हणजे फसवायचं त्याला."

"हृदयाला खरं-खोटं कळत नाही, ताई. त्याला सोबत कळते."

केतकीताई दोन्ही पट्टे हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी संगत पट्टा आणि त्याच्याशी जुळणारा संगणक घेऊन निघाल्या.

घाट सोपा झाला. चढावर दम लागला की आतला दुसरा ठोका सावकाश व्हायचा आणि त्यांचाही त्याच्यामागे यायचा. झोप लागू लागली. पंधरवड्यात अंक चाळीसवर आला, महिन्यात बावीसवर. निनादनं लिहिलं, "वा आई! आता काळजी मिटली."

आणि त्याचे रविवारचे फोन थांबले. पहिल्या रविवारी त्यांना वाटलं, कामात असेल. तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःच लावला, तर तो घाईत म्हणाला, "तू छान आहेस, दिसतंय मला. नंतर बोलू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संगत बंद केली, पट्टा नुसता मोजायला ठेवला. चढ पुन्हा अंगावर आला. बरगडीखाली इतकं रिकामं वाटलं की पहिल्याच वळणावर उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. तरी त्यांनी आठवडा काढला. अंक एकोणऐंशी झाला.

रविवारी त्या घाटमाथ्यावर पोचल्या आणि फोन वाजला.

"आई! काय झालं अचानक?"

"काही नाही रे. बोल ना. कसा आहेस?"

तो बोलला. ऑफिसचं, नव्या घराचं, तिथल्या थंडीचं. केतकीताई कठड्यावर बसून ऐकत होत्या. कितीतरी दिवसांनी इतकं बरं वाटत होतं. पंधरा मिनिटांनी निनादनं बोलणं मध्येच तोडलं.

"आई, मी अंक बघतोय. माझ्याशी बोलतानाही शहात्तरच आहे गं."

त्यांनी शेजारी टेकवलेल्या सायकलच्या हँडलकडे पाहिलं. शहात्तरच होता.

"खोटं आहे ते," त्या म्हणाल्या. "मला छान वाटतंय."

"माझा काही उपयोगच होत नाहीये तुला. संगत बंद केलीस का? लाव बरं ती. माझ्यासाठी."

केतकीताईंनी बोट पुढे करून संगणकावरचं बटण दाबलं. दुसरा ठोका सुरू झाला आणि सवयीनं त्यांचाही लगेच त्याच्यामागे गेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आकडा सावकाश उतरत होता. सत्तर, एकसष्ट, अठ्ठेचाळीस.

"बघ," निनाद तिकडून आनंदानं म्हणाला, "किती बरं वाटतंय तुला."