गाडीखालचा ट्रे

पोर्चमधल्या गाडीखाली पत्र्याचा जुना ट्रे सरकवून ठेवायचा आणि सकाळी त्यात साठलेलं तेल बरणीत ओतायचं, हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं. गाडी जुनी, इंजिन गळकं. कोणी दुरुस्तीचा विषय काढला की तो म्हणायचा, "म्हातारपणी एवढं चालायचंच. उद्या मी गळायला लागलो तर मलाही विकाल." हिवाळ्याच्या तोंडावर तो झोपेतच गेला, आणि ट्रेचं काम तिच्याकडे आलं. का करायचं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. त्या दिवसांत तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा गार झाला तरी ती पिऊन टाकायची.

रडूही आलं नव्हतं. सकाळी उठली की अंग ठणकत असायचं, आणि रात्री घट्ट बांधलेला अंबाडा सुटून केसांचा पार गुंता झालेला असायचा. डबीतल्या पिनाही कमी होत चालल्या होत्या. झोप नीट लागत नसेल, असं ती धरून चालली होती.

लेकीने मात्र हट्ट धरला. "आई, तिथे एकटीने राहायचं नाही. गाडी विकून टाक आणि माझ्याकडे ये कायमची." तिने गिऱ्हाईकही शोधलं. गळती काढून द्या, एवढीच त्याची अट होती. म्हणून मिस्त्रीला बोलावणं गेलं.

मिस्त्री दुपारी आला. गाडीखाली शिरला, बराच वेळ खुडबुडला आणि हात पुसत बाहेर आला.

"मागचं ऑइल सील गेलंय, काकू. रबराची कडी असते, तिच्यातून इंजिनाचा दांडा फिरतो. कडक झाली की तेल सोडते. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"उतरवा."

मग त्याचं लक्ष ट्रेकडे गेलं. "हे कधीचं तेल?"

"आजचंच. सकाळी ओतायचं राहिलं. रोज एवढं पडतं."

"गाडी चालवतं कोण?"

"कोणी नाही. हे गेल्यापासून उभीच आहे. मला कुठे येते चालवता?"

मिस्त्री हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. "काकू, हे सील गळतं ते इंजिन फिरताना. उभ्या गाडीखाली एखाद-दोन दिवस ठिबकेल, मग थांबेल. हे तर..." त्याने ट्रेमध्ये बोट बुडवून वास घेतला. "किल्ली कुठे असते?"

"माझ्या उशाखाली."

मिस्त्रीने बोट फडक्याला पुसलं आणि गाडीपासून एक पाऊल मागे सरला. तिला मात्र भीती वाटली नाही. शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तसं तिने ते ऐकलं आणि आतून किल्ली आणून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गाडी घेऊन आला. जुनं सील कागदात गुंडाळून त्याने तिच्या हातावर ठेवलं. "आता थेंब पडायचा नाही. कितीही चालवा," सवयीने तो बोलून गेला, आणि मान खाली घालून निघाला. तिनेही सवयीनेच ट्रे गाडीखाली सरकवला.

सकाळी ट्रे कोरडा होता. तिने त्यात बोट फिरवून पाहिलं. बोटाला नुसती धूळ लागली. आणि इतके दिवस अडकून राहिलेलं रडू एकदम फुटलं. पायरीवर बसून ती मोठमोठ्याने, पोटभर रडली.

"गेलात ना..." ती म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटली.

लेक दुपारी गिऱ्हाइकाला घेऊन येणार होती. गाडी जरा बरी दिसावी म्हणून तिने फडकं आणलं. पुसता पुसता हात बॉनेटवर टेकला.

बॉनेट गरम होतं. पोर्चमध्ये तर दुपारपर्यंत ऊन येत नाही.

तिने दार उघडलं. आत ओल्या रस्त्याचा वास कोंडला होता. स्टिअरिंगपुढच्या सीटवर तिने तळहात ठेवला. सीट फरशीसारखी गार होती, गारठा हाडापर्यंत जाणारा. मग ती वळसा घालून पलीकडे गेली, तिच्या नेहमीच्या बाजूला. तिथली काच तिला आवडायची तेवढीच खाली केलेली होती. त्या सीटवर तिने हात ठेवला. आत्ताच कोणी अंथरुणातून उठून गेल्यासारखी ती उबदार होती. सीटच्या खाचेत केसांच्या पिना पडल्या होत्या. तिच्याच.

तिचा हात आपोआप केसांकडे गेला.

आत फोन वाजत होता. लेकीचा आवाज खुशीत होता. "आई, निघालोय आम्ही. तयारी झाली ना तुझी?"

"आज नका येऊ... गाडीचं काम राहिलंय थोडं."

"म्हणजे? अजून गळतेय?"

"नाही गं... आता नाही गळत."

फोन ठेवून ती पोर्चमध्ये आली. दार हळूच लावलं, काच तशीच राहू दिली. ट्रे ओढून काढला आणि अडगळीत टाकला. आता त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी तिने किल्ली उशाखाली सारली, आणि केस बांधलेच नाहीत.