दर बुधवारी थोडा थोडा बेस

महाडहून पोलादपूरला घरी नेणारी, खेडकडून येऊन परत फिरणारी एसटी कशेडीत दरडीपायी अडकली नसती, तर सलोनी उतेकर त्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिलीच नसती. पण गाडी अडकली, पाऊस असा आडवा आला की छत्री असून नसल्यासारखी, आणि महाडच्या स्टँडसमोर जो पहिला पत्रा दिसला त्याखाली ती घुसली.

"पिशवीतला हेडफोन भिजतोय," आतून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. काउंटरमागे एक तरुण उघड्या कॉम्प्युटरवर वाकला होता. हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर केस, आणि डोळे... डोळे कॉम्प्युटरवर नव्हतेच.

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझा धंदाच तो. पाटी वाचा की वर."

पाटी होती. विनीत कॉम्प्युटर्स, विक्री व दुरुस्ती. सलोनीला हसू आलं, ते तिनं ओढणीनं तोंड पुसायच्या निमित्तानं लपवलं. हेडफोन दाखवायला तर ती महाडला आली होती. दोन दुकानांनी 'नवा घ्या' म्हणून वाटेला लावलं होतं. गेमिंगचा, मोठ्या वाट्यांचा हेडफोन. भावानं मुंबईत मनसोक्त वापरला आणि नवा घेतल्यावर हा पोलादपूरला बहिणीकडे धाडला. भावांची माया ही अशीच असते.

"यात बेस येत नाय," ती म्हणाली. "बॉम्ब फुटला तरी डबा पडल्यासारखा वाजतो."

विनीतनं वाट्यांवरून बोट फिरवलं. "कानाच्या गाद्या गेल्यात. ही बघा भेग. बेस फार लाजाळू असतो. जरा फट दिसली की पळाला. बारीक आवाज मात्र निर्लज्जासारखे बसून राहतात. घाला बघू कानाला."

तिनं घातला. त्यानं कॉम्प्युटरवर एका गेममधला गुहेचा आवाज लावला. वर दगड कोसळत होते म्हणे; तिला शेंगा सोलल्यासारखं ऐकू येत होतं.

"हात लावू?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. त्यानं दोन्ही तळहात दोन वाट्यांवर ठेवले आणि हलकेच दाबले...

आवाज खाली उतरला. कानातून गळ्यात, गळ्यातून थेट छातीत. डोंगर हलत होता, आणि ती हलवणाऱ्याकडे बघत होती. तो इतका जवळ होता की त्याच्या शर्टाला येणारा सोल्डरचा वास तिला कळत होता.

"असा यायला पाहिजे," तो म्हणाला.

"मग हात लावूनच ठेवा ना."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. विनीत कानापर्यंत लाल झाला. त्यानं घाईघाईनं ड्रॉवर उघडला, आत बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ड्रॉवर लावून टाकला.

"या मापाच्या गाद्या नाहीत. मुंबईहून मागवाव्या लागतील. पुढच्या बुधवारी या."

पुढच्या बुधवारी गाद्या आल्या नव्हत्या. मग त्यानं तिच्या लॅपटॉपमधला इक्वलायझर उघडून खालच्या पट्टीचे दोन दांडे वर सरकवले. "थोडा वाढला ना?" वाढला होता, थोडा. त्यापुढच्या बुधवारी 'बेस बूस्ट' लिहिलेल्या चौकटीत खूण केली. त्याच्यापुढच्या बुधवारी पिन घासून साफ केली. दर बुधवारी चिमूटभर बेस, कपभर चहा, आणि 'तुम्ही'चं कधी 'तू' झालं ते दोघांपैकी कुणीच कबूल करायला तयार नव्हतं.

"तुझ्या त्या मुंबईच्या गाद्या पायी येतात काय रे?"

"वाटेत पाऊस आहे ना. थांबत थांबत येतायत."

"लवकर नाय का होणार?"

"घाई कसली? गेमच तर खेळायचाय!"

इथं सलोनी चहाचा कप तोंडाला लावायची. कारण गेम नुसता खेळायचा नव्हता. पुण्याच्या एका कंपनीला गेम तपासणारी माणसं हवी होती. घरी बसून काम, पगार बरा. एका रविवारी ऑनलाइन परीक्षा: दीड तास गेम खेळायचा आणि त्यातल्या आवाजाचे दोष टिपायचे, कुठं आवाज उशिरा येतो, कुठं येतच नाही. आईशी, म्हणजे सरिताबाईंशी, तिचा करार झाला होता. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचा विषय नाही. नाही लागली तर घाटकोपरच्या स्थळाला 'बघायला या' म्हणून कळवायचं. सलोनीनं तसा शब्द दिला होता.

आणि आईची दुसरी अट: "काम होईस्तोवर बाहेर बोलू नको गो. बोललं की फिसकटतं." सलोनी कॉम्प्युटरची पदवी घेतलेली मुलगी. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी ती बोलली नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, ते पदवीनं थोडंच निघतं! विनीतला सांगायचं ते नोकरीचं पत्र हातात घेऊनच, असं तिनं ठरवून टाकलं. पत्राबरोबर आणखीही एक गोष्ट सांगायची होती. ती पाचव्या बुधवारीच ओठांवर आली होती, पण तिनं चहाबरोबर गिळली.

परीक्षेचा रविवार आला, गाद्या आल्या नाहीत.

गुहेचा भाग सुरू झाला तेव्हा तिला कळलं की खाली काहीतरी घडतंय, पण काय ते ऐकू येईना. वाट्या दाबून धराव्यात तर कीबोर्ड आणि माऊस कोण चालवणार? देवानं हात दोनच दिले. शेवटी तिनं ओढणी डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली करकचून बांधली.

आई दारातून डोकावली. "दाढ दुखते काय गो?"

सलोनीला हसावं की रडावं कळेना. घड्याळ पळत होतं.

सोमवारी निकाल आला. बारा दोषांपैकी दहा सापडायला हवे होते. तिला आठ सापडले. निसटले ते चारही खालच्या पट्टीतले होते, असं मेलमध्ये सभ्यपणे लिहिलं होतं. पुढची भरती कधी, त्याचा उल्लेख नव्हता.

तिनं घरी सांगितलं नाही. बुधवारी तिनं महाडची गाडी पकडली. आता त्याला सगळं सांगायचं. परीक्षा, स्थळ, आणि ते दुसरंही. त्यानं एकदा म्हणावं, मी आहे. तेवढं ऐकायला ती निघाली होती.

पण त्या दिवशी विनीतही ठरवून बसला होता. शर्ट इस्त्रीचा, केस चापून बसवलेले. तिला बोलूच न देता तो म्हणाला, "डोळे मीट." तिनं मिटले. ड्रॉवर सरकल्याचा आवाज आला.

"उघड."

काउंटरवर दोन काळ्या, गुबगुबीत, कोऱ्या गाद्या होत्या.

"आल्या?"

"आल्या कुठून? होत्याच." तो हसत होता. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "पहिल्या दिवसापासून याच ड्रॉवरमध्ये होत्या. त्या दिवशी दिल्या असत्या तर तू परत कशाला आली असतीस? म्हणून थोडा थोडा बेस देत राहिलो... सलोनी, मला तू फार आवडतेस. आता मार हवं तर."

लाडानं एक चापट बसेल, म्हणून त्यानं खांदासुद्धा पुढं केला होता.

"पहिल्या दिवसापासून?" तिनं विचारलं.

मग तिनं सांगितलं. परीक्षा, चार दोष, ओढणी, घाटकोपर. सांगताना तिचा आवाज जराही चढला नाही, आणि विनीतचं हसू उतरत उतरत पार गेलं.

"तू बोलली का नाहीस? एक शब्द टाकला असतास तर..."

"माझं चुकलंच. पण मी दोनदा विचारलं तुला, लवकर नाय का होणार. तू म्हणालास, गेमच तर खेळायचाय."

तो काउंटरच्या बाहेर आला. "मी येतो घरी. उद्याच येतो. तुझ्या आईबाबांशी बोलतो. घाटकोपरवाल्यांना येऊच देऊ नको."

पाच आठवडे ती याच वाक्याची वाट बघत होती. आज ते आलं, आणि तिला नुसतं रडू आलं.

"स्थळ मला घरबसल्या मिळतंय रे. नोकरी मिळत नव्हती."

"सलोनी, माझं प्रेम आहे तुझ्यावर. खोटं नाही ते."

"माझंपण हाय. म्हणून तर लागलं." तिनं डोळे पुसले. "मी तशीपण आले असते, विनीत. हेडफोन नसता तरी आले असते. तुला तेवढं कळलं नाय. मला धरून ठेवायला तू माझंच काम अडवून ठेवलंस. उद्या संसारात मला कुठं जायचं असलं, तर काय ड्रॉवरमध्ये ठेवशील?"

"पुन्हा नाही करणार," तो म्हणू लागला, आणि ते त्याच्या स्वतःच्याच कानाला पोकळ लागलं असावं, कारण त्यानं ते अर्ध्यावर सोडलं. त्यानं गाद्या बसवून दिल्या. तिनं हेडफोन पिशवीत टाकला.

"परत येशील ना?"

"कशाला?" ती म्हणाली. "झालं की दुरुस्त."

पोलादपूर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडली. प्रेम तुटलं म्हणून नाही. तुटलं असतं तर सोपं होतं.

घरी आई तांदूळ निवडत होती. सलोनी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"नोकरी नाय लागली, आई. सोमवारीच कळलं."

सरिताबाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी लेकीचे सुजलेले डोळे बघितले आणि ते नोकरीपायीच सुजलेत असं समजून पदरानं पुसले.

"जाऊ दे गो. नशिबात नव्हतं." मग त्या चाचरत म्हणाल्या, "मग... घाटकोपरला काय सांगू?"

सलोनीनं सूप आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचायला घेतले.

"बघायला या म्हण."