तळघरातले दोन ठोके

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यात तिखटमीठ लावलेलं काही नाही. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. वेळ भरदुपारी तीनची. जागा, एका रिकाम्या चार मजली इमारतीचं तळघर.

मामा परवानाधारक प्लंबर. नळ, बॉयलर, गरम पाण्याच्या लाइनी, सगळ्यांत हात बसलेला. त्यात डोकं भारी. भिंतीआडची गळती ऐकणारं यंत्र त्याने स्वतः बनवलं होतं. पाइपला टेकवायची दांडी आणि कानाला हेडफोन.

मामी म्हणायची, "भिंतींचं सगळं ऐकता, माझं मेलं एक ऐकत नाही!"

पण यंत्रामागचं खरं कारण तिलाही ठाऊक होतं.

धाकटा मामा.

दोघं भाऊ जोडीने काम करायचे. धाकटा तळघरात पाइप जोडायचा, थोरला गच्चीवर बॉयलरच्या वॉल्व्हपाशी. हाक पोचायची नाही, म्हणून पाइपवर पान्याने ठोके. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे उघड. तीन आले की वरच्याने उलट तीन द्यायचे. खालून पुन्हा तीन आले, तरच वॉल्व्हला हात लावायचा.

बारा वर्षांपूर्वी, याच इमारतीत, मामा घाईत होता. तीन ठोके आले. त्याने उलट ठोके दिलेच नाहीत.

वॉल्व्ह उघडला.

खाली जोड अजून मोकळा होता. उकळतं पाणी धाकट्याच्या अंगावर...

तापलेला पाइप आपोआपही ठकठकतो. मग ते ठोके भावाचे की पाइपचे? एवढं एकच मामाला जाणून घ्यायचं होतं. बारा वर्षं त्याला धड झोप नव्हती.

इमारत पाडायची ठरली, तेव्हा तो यंत्र घेऊन निघाला. मी सोबत गेलो.

बॉयलर केव्हाच भंगारात गेलेला. पाइप कोरडा ठणठणीत.

मामाने दांडी टेकवली.

काहीच नाही...

मग...

ठक. ठक.

मामा पांढराफटक पडला. हेडफोन त्याने माझ्या कानाला लावला. दोन ठोके. जरा थांबून, पुन्हा दोन.

"थांब म्हणतोय रे," मामा म्हणाला. "तेव्हाही थांबच म्हणत असणार, तिसरा ठोका पाइपचा. मी ऐकलंच नाही."

त्याने पाना उचलला. हात थरथरत होता. उलट दोन ठोके दिले.

"थांबलोय मी, बाळा! नाही उघडत!"

क्षणभर शांतता...

मग दोन-दोन ठोके. भराभर. जिवाच्या आकांताने.

कोरडा पाइप माझ्या हाताला गरम लागला.

मामाने हेडफोन हिसकावून कानाला लावला. त्याने काय ऐकलं, ते मला कधीच सांगितलं नाही. तो फक्त खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

थोड्या वेळाने पाइप गार झाला.

आणि पुन्हा...

ठक. ठक.

सगळं पहिल्यापासून.

मामाने त्यानंतर पान्याला हात लावला नाही. इमारत पाडली. गेल्या महिन्यात मामाही गेला. यंत्र मामीने माझ्याकडे दिलं.

काल दुपारी मी घरातला पाण्याचा मेन कॉक बंद केला आणि दांडी न्हाणीघरातल्या पाइपला टेकवली. का, ते विचारू नका.

खालून दोन ठोके आले.

लगेच वरून दोन आले. घाईघाईने, थरथरत्या हाताचे.

पाइप तरीही तापला.