त्याच नंबरची डिस्क

निकेश, ती ट्यूबलाइट बंद केली तरी चालते, शेकोटीचा उजेड पुरे. दामिनी, तू विचारलं न, सुरेंद्रनं कार्यालयांची कामं काऊन सोडली? सांगतो. त्यानं मले जसं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही नाई.

सुरेंद्र ब्रह्मपुरीचा. माझ्यासंगं आयटीआयले होता, पुढं त्यानं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. २००९ साल. १७ डिसेंबर, गुरुवार. आदल्याच दिवशी अमावस्या झालती. सकाळच्या बसनं निघून, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी करत दुपारी चारले तो अहेरीले उतरला. तिथल्या एका कार्यालयात त्याचं काम होतं. नाव नाई घेत मी.

तवा वनहक्काचे दावे चालू होते. जंगलातले लोक जी जमीन बापजाद्यापासून कसत होते, तिच्यासाठी अर्ज. ते अर्ज एका जुन्या प्रोग्राममधी भरलेले. जुना कंप्युटर बिघडाले लागला तवा सुरेंद्रनंच तो अख्खा, प्रोग्रामसकट, उचलून नव्या कंप्युटराच्या पोटात बसवला होता. खरी मशीन नाई, आभासी. तिची डिस्क म्हंजे नुसती एक मोठी फाइल. दहा जीबीची ती डिस्क आता गच्च भरली होती. तिची कॉपी काढाची, अन् कॉपी चाळीसची कराची, एवढंच काम. फक्त एक सांभाळाचं होतं. प्रत्येक डिस्कले आपला एक नंबर असते. कॉपी काढली का नंबर बदलते, अन् नंबर बदलला का तो प्रोग्राम उघडत नाई. म्हणून कॉपीले मुद्दाम तोच नंबर ठेवाचा.

तिथल्या साहेबानं हे ऐकून घेतलं. मंग उठून दार लोटलं.

"म्हणजे नंबर तोच राहिला, तर डिस्क बदलली हे कोणालाच कळणार नाही?"

"नाई कळत, साहेब."

"मग कॉपीतून एक गाव काढून टाका. एक्केचाळीस दावे आहेत. आणि जुनी डिस्क पुसून टाका."

त्या गावामागच्या डोंगरात लोखंडाचा दगड होता, अन् दगडावर कोणाचा तरी डोळा होता. सुरेंद्रले समजलं. तो म्हणाला, "लोक विचारतीन न, साहेब."

"त्यांच्याजवळ पोच नाही. आपण दिलीच नाही." साहेब हासला. "तुमचं काम आणखी तीन कार्यालयांत आहे ना? माझी ओळख आहे तिकडे."

मले अजूनही त्या हासण्याचा संताप येते. मी तिथी नव्हतो, तरी येते. अन् सुरेंद्रचाही येते. कारण तो 'बरं' म्हणाला.

साहेब जेवाले घरी गेला. आठ वाजता चौकीदार लटारूनं सुरेंद्रले भात-वरण आणून देल्लं. पडद्यावर गावाचं नाव पाहून तो थांबला.

"ह्या गावची मंगली आठवते मले," लटारू म्हणाला. "म्हातारी. बावीस किलोमीटर पायी येत जाय. नऊ चकरा मारल्या. इथी वऱ्हांड्यात बसून राहे दिवसभर, उन्हाळ्यात बिडीच्या तेंदूपानाचे पुडे बांधत. अन् आत हे लोक तिच्या अर्जावर लिहीत, अर्जदार गैरहजर."

"मंग?"

"मंग काय. भादव्यात मेली. दहाव्या चकरेले निघाली होती."

सुरेंद्रनं ताट बाजूले सारलं. पण काम त्यानं थांबवलं नाई. लटारू मागच्या खोलीत झोपाले गेला. सुरेंद्रनं कॉपी काढली. नंबर तोच ठेवला. डिस्क चाळीसची केली. जुनी काढून बाजूले ठेवली, कारण एका नंबरच्या दोन डिस्का मशीन एकावेळी घेत नाई. मंग कॉपीतले एक्केचाळीस दावे पुसले. तवा साडेअकरा वाजले होते.

मशीन बंद करून पुन्हा चालू केली. प्रोग्राम उघडला.

एक्केचाळीस दावे जागच्या जागी.

त्याले वाटलं, चुकून जुनीच डिस्क लागली. पाह्यलं. नाई, नवीनच होती, चाळीसची. पुन्हा पुसले. पुन्हा चालू केली. पुन्हा एक्केचाळीस. सगळ्यात वर मंगली.

तिसऱ्यांदा त्यानं एकटा मंगलीचाच दावा निवडला, अन् पुसाचं बटन दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. तो प्रोग्राम सहा वर्षं त्याच्या हातात होता. असली चौकट त्यात नव्हती.

'अर्जदार हजर आहे का? होय. नाही.'

त्यानं 'नाही' दाबलं.

बाहेर वऱ्हांड्यात कोणीतरी बसलं. म्हातारं माणूस टेकते तसं... हळूच. भिंतीले पाठ लावून.

"लटारूभाऊ?"



चौकट तशीच होती. पुन्हा 'नाही' दाबलं. बाहेर जागेवरून उठल्याचा आवाज. चार पावलं. दाराजवळ... पुन्हा बसणं.

त्यानं कंप्युटरची तार ओढून काढली. पडदा विझला नाई.

"मी नाई केलं हे," तो म्हणाला. "साहेबानं सांगितलं."

बाहेर फक्त श्वास. दाराच्या खालच्या फटीपाशी. धावत आल्यासारखा नाई. थकलेला. संतापलेला.

'अर्जदार हजर आहे का?'

...

किती वेळ गेला, त्याले सांगता येत नाई.

मंग तो रडला. रडत रडतच त्यानं 'होय' दाबलं.

श्वास थांबला. अन् कोपऱ्यातला प्रिंटर सुरू झाला. त्याची तारही निघालेलीच होती. एकेक कागद पडत गेला. नंबर, नाव, गाव, अर्ज मिळाल्याची तारीख. पोचपावत्याच त्या. एक्केचाळीस.

पहाटे सुरेंद्र ते कागद घेऊन पहिल्या जीपनं त्या गावाच्या फाट्यावर उतरला अन् चालत गेला. मंगलीचा पोरगा लालसू धान झोडून राह्यला होता. सुरेंद्रनं त्याच्या हातात गठ्ठा देल्ला, अन् आपण काय कराले बसलो होतो तेही तोंडानं सांगितलं. लालसूनं त्याले मारलं नाई. पाणीही विचारलं नाई. तो गठ्ठा त्यानं गडचिरोलीले नेला, दहा जागी त्याच्या नकला देल्ल्या. मंग गाव लपवता आलं नाई. अठ्ठावीस दावे मंजूर झाले. तेरा अजूनही लटकून आहेत. साहेबाची फक्त बदली झाली, म्हंजे कुठंतरी दुसऱ्या वऱ्हांड्यात लोक बसूनच असतीन.

काय म्हणतं, दामिनी? स्वप्न पडलं असन? मीही त्याले हेच म्हटलं.

तवा त्यानं मले लटारूकडं नेलं. लटारूनं सांगितलं, सुरेंद्र गेल्यावर सकाळी त्यानं ती खोली झाडाले घेतली. खिडक्या आतून बंद. कंप्युटरच्या टेबलाखाली तेंदूच्या पानाचा एक पुडा होता, सालीच्या दोरीनं बांधलेला. पानं कोवळी, तांबूस. देठं अजून ओलीच.

कोवळा तेंदू वैशाखात येते, पोराहो. डिसेंबरात अख्ख्या जंगलात त्याचं एक कोवळं पान नसते.