बारा आणि तेवीसच्या मधली जागा

दर महिन्याच्या एक तारखेला सोनपेठच्या वाचनालयात शिवकन्या स्टुलावर चढायची आणि त्या महिन्यात जन्मलेल्या थोरांची नावं फळ्यावर लिहायची. जूनच्या एक तारखेला शाहू महाराजांचं नाव लिहून ती मागं वळली, तर दारात एक उंच, सावळा तरुण फळा वाचत गालात हसत उभा.

"यादी अपुरी हाय," तो म्हणाला. "आमचा अर्धा गाव आजच जन्मलाय. मी बी."

आता यात मस्करी काहीच नव्हती बरं! त्याचं गाव ऊसतोड्यांचं. पोरं जन्मायची परमुलखातल्या फडात अन् शाळेत यायची सहा वर्षांनी. आईबापाला तारीख सांगता येईना, की गुरुजी बिनदिक्कत एक जून ठोकायचे. गावात एकाच दिवशी शंभरेक वाढदिवस आणि साजरा एकाचाही नाही. त्या तरुणानं, हरिओमनं, हे सगळं हसत हसत सांगितलं. शिवकन्येला मात्र हसू आलं नाही.

तलाठ्याच्या परीक्षेच्या अभ्यासाला तो रोज यायला लागला. एक तारखेला तिचं स्टूल धरायचा. तिच्या गालाला खडू लागला, की काही न बोलता स्वतःच्या गालावर बोट ठेवायचा... आणि ती लाजून भलताच गाल पुसायची. फळ्यावर सप्टेंबरात लता मंगेशकर आल्या, नोव्हेंबरात झाशीची राणी. "ह्या महिन्यात आमचा नंबर लागतो का?" तो दरवेळी विचारायचा. "थोर व्हा आधी," ती म्हणायची. जीव मात्र कधीच जडला होता.

डिसेंबरात तिनंच विषय काढला. घरी कधी येणार बोलायला? हरिओमनं समोरचं पुस्तक मिटलं. तिचे वडील दिनकरराव पत्रिका पाहिल्याबिगर पाहुण्याला चहासुद्धा विचारत नाहीत, हे सगळ्या सोनपेठला ठाऊक होतं.

"एक जूनची पत्रिका काढली तर ती गुरुजींची व्हईल, माझी न्हाई," तो हळूच म्हणाला. "खोटं घेऊन तुमच्या दारात कसा येऊ?"

दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची रिकामी. शिवकन्या आठ दिवस रडली. नवव्या दिवशी आठवडी बाजारात मेथी विकणाऱ्या त्याच्या आईपुढं, धुरपताबाईपुढं, जाऊन बसली आणि सरळ विचारलं, हरिओम झाला कधी?

"तारीख आमाला कुठली, माय? पर भोगी व्हती बग. दुपारपातूर मोळ्या बांधल्या, अन् दिस मावळता पाचटाच्या कोपीत ह्यो झाला. शेजारणीनं तिळाची भाकर दिलती, ऊन ऊन." म्हातारीचे हात मेथीच्या जुडीवरच थांबले. "पंचवीस वर्सं झाली. मला कुणी इचारलंच न्हाई कधी."

शिवकन्येनं त्या सालचं पंचांग हुडकलं. भोगी तेरा जानेवारीची. जानेवारीच्या एक तारखेला तिनं फळ्यावर बाराला जिजाऊ लिहिल्या, तेवीसला नेताजी, आणि मधे हातभर जागा तशीच सोडली. जो तो विचारी, ही जागा कशाची? ती म्हणे, कळेल की.

तेरा तारखेला शिवकन्येचा निरोप आईनं सांगितला म्हणून हरिओम आला. मधल्या जागेत टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: १३ जानेवारी – हरिओम. भोगी, उसाचा फड. तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मग तिच्याकडं वळला.

"पत्रिका काढली? जुळली का?"

"काढलीच न्हाई."

"मंग तारीख कशाला हुडकली?"

तिनं डबा उघडला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. "तुमचा वाढदिवस करायला," ती म्हणाली. "तुमी आवडता मला. त्याला ग्रह कशाला इचारू?"

डोळे पुसत हरिओमनं विचारलं, "अन्... तुमचे अण्णा?"

"परवा त्यांना समदं सांगितलं. काल दिवसभर बोलले न्हाईत. आज सकाळी भाकरीला तीळ कमी पडले, तर गपचूप पिशवी घेऊन निघाले. ह्ये तीळ त्यांनीच आणलेले हायत."

हरिओमनं भाकरीचा तुकडा मोडून आधी तिच्यापुढं धरला. "मंग... येऊ घरी?"

"तिळाचे आभार मानायला तरी यावंच लागंल की," शिवकन्या म्हणाली. हरिओमनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, आणि या खेपेला तिनं बरोबर खडूचाच गाल पुसला.